डिग्री करता करता फौजेत अधिकारी: मुलं आणि पालक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात मी बरीच वर्षं एनसीसी सांभाळतो. जुलैत प्रवेश उरकले की स्टाफरूमबाहेर मुलं येऊन उभी राहतात, मागे कधी वडील, कधी मामा. प्रश्न ठरलेले असतात, म्हणून एकदाच लिहून काढले. वयाच्या आणि टक्क्यांच्या अटी अलीकडच्या जाहिरातींप्रमाणे आहेत, पण अर्ज भरताना त्या वेळची जाहिरात शब्दन् शब्द वाचायचीच. ‘सरांनी सांगितलं होतं’ हे तिथे चालत नाही.

सर, रोज पहाटे १६०० मीटर पळतोय. ऑफिसर होईन ना?

पळणं वाया जाणार नाही. पण तू पळतोयस ते भरतीसाठी, आणि ती वाट अग्निवीराची. आपल्याकडे ‘आर्मीत जायचं’ म्हटलं की मैदान, छाती फुगवणं आणि पळणं एवढंच डोळ्यांसमोर येतं. अधिकाऱ्याची निवड वेगळ्या दारातून होते. तिथे लेखी परीक्षा किंवा पदवीच्या गुणांवर चाळणी, मग पाच दिवसांची एसएसबी म्हणजे फौजेच्या निवड मंडळापुढच्या चाचण्या आणि मुलाखत, मग वैद्यकीय तपासणी आणि शेवटी गुणवत्ता यादी. निवडीत पळण्याची परीक्षा नसते. अकादमीत रुजू होताना मात्र मुलाला २.४ किलोमीटर साडेदहा मिनिटांत पळता यावं अशी अपेक्षा असते.

दरवर्षी बीएस्सी झालेली हुशार मुलं भरतीच्या रांगेत उभी दिसतात. जवान होण्यात कमीपणा काहीच नाही. पण दुसरं दार आहे हेच माहीत नसल्यामुळे तिथे उभं राहणं मला खटकतं.

मी एफवायला आहे. एनडीए हातची गेली का?

कदाचित नाही. एनडीए म्हणजे खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण अकादमी, आणि तिची अट बारावीची आणि वयाची आहे. कोर्स सुरू होताना साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षं वय लागतं, आणि एफवायची कितीतरी मुलं त्यात बसतात. जन्मतारीख जाहिरातीशी ताडून बघा. लेखी परीक्षा ९०० गुणांची: गणित ३०० आणि सामान्य क्षमता ६००. गणित बारावीच्या पातळीचं. लष्करासाठी बारावीची कुठलीही शाखा चालते, नौदल आणि हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं. निवड झाली तर कॉलेज सोडून खडकवासल्याला जायचं. तिथली तीन वर्षं म्हणजे पदवीच, ती जेएनयूची मिळते. वर्ष फुकट गेलं म्हणून पालक हळहळतात, त्यात अर्थ नाही.

पदवीनंतरचा मुख्य रस्ता कुठला?

सीडीएस. ही यूपीएससीची परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि शेवटच्या वर्षाला असतानाही अर्ज करता येतो. देहरादूनची आयएमए (भारतीय सैन्य अकादमी) आणि चेन्नईची ओटीए (अधिकारी प्रशिक्षण अकादमी) यांसाठी कुठलीही पदवी चालते: बीए मराठी, बीकॉम, कृषी, काहीही. एझिमलाच्या नौदल अकादमीसाठी इंजिनिअरिंग लागतं. हैदराबादजवळच्या दुंडीगलच्या हवाई दल अकादमीसाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित किंवा मग इंजिनिअरिंगची पदवी.

इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि गणित असे १०० गुणांचे तीन पेपर असतात, प्रत्येकी दोन तासांचे. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. कला शाखेची मुलं गणित ऐकून मागे फिरतात. त्यांच्यासाठी दोन गोष्टी. सीडीएसचं गणित दहावीच्या पातळीचं असतं: काम-काळ-वेग, टक्केवारी, त्रिकोणमिती, भूमिती. आणि ओटीएसाठी गणिताचा पेपरच नसतो, फक्त इंग्रजी आणि सामान्य ज्ञान. इतिहास-भूगोल घेऊन बीए करणाऱ्या मुलाला यापेक्षा सोयीचं काय हवं?

आयएमए आणि ओटीए यांत फरक काय?

आयएमएत प्रशिक्षण दीड वर्षाचं आणि कमिशन, म्हणजे अधिकारीपद, कायमचं. वय साधारण १९ ते २४. ओटीएत ४९ आठवडे, वय १९ ते २५, आणि शॉर्ट सर्व्हिस कमिशन: दहा वर्षं नोकरी, मग कायम कमिशन मागता येतं, चार वर्षं मुदत वाढवता येते किंवा बाहेर पडता येतं. ओटीए झाल्यावर मद्रास विद्यापीठाची पदव्युत्तर पदविकाही हाती पडते. खांद्यावरचे दोन तारे दोन्हीकडे सारखेच. युनिटमध्ये गेल्यावर कोण कुठून आला हे जवान विचारत नाहीत.

एनसीसी घेतली तर नक्की काय फायदा? सकाळी सहाला परेडला यायचं, तर हिशेब तरी कळू द्या.

हिशेब असा. एनसीसी स्पेशल एन्ट्री नावाची योजना आहे. ‘सी’ प्रमाणपत्रात किमान बी श्रेणी आणि पदवीला ५० टक्के असतील तर यूपीएससीची लेखी परीक्षा द्यावीच लागत नाही. अर्ज केला, चाळणीत नाव आलं की थेट एसएसबी. प्रशिक्षण चेन्नईच्या ओटीएत, वय १९ ते २५. ही एन्ट्री मुलामुलींना दोघांनाही खुली आहे. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आधीच्या वर्षांच्या गुणांवर अर्ज करता येतो. शिवाय सीडीएसमधून आयएमएला जाणाऱ्यांतही ‘सी’ प्रमाणपत्रधारकांसाठी १३ जागा राखलेल्या असतात. एअर विंगच्या मुलांना हवाई दलात अशीच वेगळी वाट आहे.

आता गोम. ‘सी’ प्रमाणपत्र तिसऱ्या वर्षी मिळतं, म्हणजे नाव एफवायलाच नोंदवायला हवं. एसवायच्या दिवाळीनंतर ‘सर, घ्या ना’ म्हणत येणाऱ्या मुलाला मी काहीही करू शकत नाही. त्याला वाटतं सर आडमुठे आहेत. हजेरी लागते, शिबिर लागतं, मग ‘बी’, मग ‘सी’. आणि श्रेणीकडे लक्ष ठेवा. सी श्रेणीत ‘सी’ प्रमाणपत्र मिळवून बसलेली मुलं मी पाहिली आहेत. नकाशावाचनाचा पेपर हसण्यावारी नेला, एवढंच कारण. त्यांना ही योजना बंद झाली.

एक गोष्ट फार घरांत माहीत नसते. लढाईत हुतात्मा, जखमी किंवा बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या मुलामुलींसाठी याच योजनेत वेगळ्या जागा असतात, आणि त्यांना ‘सी’ प्रमाणपत्राची अट नाही. सातारा, कोल्हापूर, नगर भागातल्या घरांनी हे ध्यानात ठेवावं.

मी इंजिनिअरिंग करतोय. मलाही परीक्षा?

लष्करासाठी नाही दिली तरी चालते. टीजीसी म्हणजे टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स: आयएमएत एक वर्ष, वय २० ते २७. शॉर्ट सर्व्हिस टेक्निकलला वय तेच, प्रशिक्षण ओटीएत, मुलीही अर्ज करू शकतात. दोन्हींत गुणांवर चाळणी आणि मग एसएसबी. चाळणी शाखेनुसार लागते, त्यामुळे बॅकलॉग काढून काठावर सुटलेल्यांची इथे पंचाईत होते. आपल्या शाखेला जागा आहेत का, हे जाहिरातीत आधी बघा.

बारावीनंतर लगेच जायचं तर टीईएस म्हणजे टेक्निकल एन्ट्री स्कीम: पीसीएममध्ये (भौतिक, रसायन, गणित) ६० टक्के आणि जेईई मेन दिलेली हवी. इंजिनिअरिंगही फौजच शिकवते. त्यातली एक संस्था आपल्या पुण्यात दापोडीला आहे, सीएमई. नौदलाची बीटेक कॅडेट एन्ट्रीही जेईई मेनवरच चालते, तिथे पीसीएमला ७० टक्के लागतात आणि शिक्षण एझिमलाला.

वकिली किंवा डॉक्टरकी करून?

वकिलांसाठी जॅग, म्हणजे लष्कराची कायदा शाखा, आहे: एलएलबीला ५५ टक्के, वय २१ ते २७, आणि अलीकडे क्लॅट पीजी या कायद्याच्या प्रवेशपरीक्षेचे गुणही मागतात. डॉक्टर व्हायचं तर पुण्याचं एएफएमसी, म्हणजे सशस्त्र दलांचं वैद्यकीय महाविद्यालय, दार नीटमधून. लेफ्टनंट जनरल पदापर्यंत गेलेल्या आणि पुढे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झालेल्या माधुरी कानिटकर तिथल्याच विद्यार्थिनी.

पायलट व्हायचंय. एएफकॅट म्हणजे काय?

हवाई दलाची स्वतःची परीक्षा, तीही वर्षातून दोनदा. दोन तासांत १०० प्रश्न, ३०० गुण. बरोबर उत्तराला तीन, चुकीला उणे एक. फ्लाइंगसाठी वय २० ते २४, ग्राउंड ड्युटीसाठी २० ते २६. पदवीला ६० टक्के हवेत, फ्लाइंगला बारावीच्या गणित आणि भौतिकशास्त्रात प्रत्येकी ५० टक्केही.

फ्लाइंगवाल्यांनी एक सावधगिरी ठेवायची. संगणकावरची वैमानिक निवड चाचणी, सीपीएसएस, आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर लढाऊ विमानाचं स्वप्न तिथेच संपतं, पुढच्या वर्षी पुन्हा बसता येत नाही. ‘बघू तरी कसं असतं’ म्हणून जायची ही जागा नव्हे. उंची १६२.५ सेंटिमीटर लागते, शिवाय पायांची लांबी आणि बसल्यावरची उंचीही मोजतात. कॉकपिट काही आपल्या मापाचं बनवत नाहीत.

मुलींना खरंच सगळं खुलं आहे का?

सगळं नाही, पण माझ्या विद्यार्थिदशेत होतं त्याच्या कितीतरी पट. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर एनडीए मुलींना उघडली आणि ३० मे २०२५ ला १७ मुलींची पहिली तुकडी खडकवासल्याहून बाहेर पडली. पदवीनंतर सीडीएसमधून ओटीए, एनसीसी स्पेशल एन्ट्री, एएफकॅट, शॉर्ट सर्व्हिस टेक्निकल, जॅग, नौदलाच्या बऱ्याच शाखा, एवढ्या वाटा आहेत. कायम कमिशनचा प्रश्न लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांनी न्यायालयात लढवला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये जिंकला.

आणखी एक तरतूद सांगतो. सेवेत असताना मृत्यू पावलेल्या सैनिकाच्या पत्नीला वयाची सवलत मिळते, ३५ वर्षांपर्यंत. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात हुतात्मा झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक, दोन मुलांची आई, एसएसबी पार करून सप्टेंबर २०१७ मध्ये चेन्नईहून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. मुलीला परेडला पाठवायला का-कू करणाऱ्या पालकांना मी हे एवढंच सांगतो.

एसएसबीत नेमकं काय होतं? सगळे त्यालाच घाबरतात.

घाबरावं असंच आहे, पण कारण मुलांना वाटतं ते नाही. मी स्वतः दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा पाचव्या दिवशी बॅग उचलून परत आलो. त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे.

लष्कराची मंडळं भोपाळ, प्रयागराज, बंगळुरू आणि पंजाबात जालंधरला आहेत. स्टेशनवर फौजेची गाडी येते, छातीला नंबर लागतो, आणि पाच दिवस तुमचं नाव तो नंबर असतो.

पहिल्या दिवशी चाळणी. बुद्धिमत्तेचे प्रश्न, मग एक धूसर चित्र दाखवतात, त्यावर गोष्ट लिहायची, ती गटात सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. बाजारातल्या भांडणासारखी आरडाओरड होते. बहुतेक तुकड्यांत निम्म्याहून जास्त मुलं त्याच दिवशी परतीच्या गाडीत बसतात. ओरडणारा राहतो आणि गप्प बसणारा जातो असा समज आहे. मी दोन्ही प्रकारची मुलं जाताना पाहिली. राहतो तो बहुधा दुसऱ्याचं ऐकून त्यात भर घालणारा.

दुसऱ्या दिवशी मानसशास्त्र. बारा गोष्टी लिहायच्या: अकरा चित्रं आणि बारावी पाटी कोरी. चित्र ३० सेकंद दिसतं, लिहायला चार मिनिटं. मग ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद, मनात आलेलं पहिलं वाक्य लिहायचं. मग ३० मिनिटांत ६० प्रसंग: जंगलात वाट चुकलात, मित्र बुडतोय, परीक्षेच्या दिवशी वडील आजारी, काय कराल? शेवटी स्वतःबद्दल: आईवडील काय म्हणतात, मित्र काय म्हणतात, तुम्हाला स्वतःला काय वाटतं.

दुसऱ्या खेपेला मी इथेच घसरलो. एका क्लासमध्ये गोष्टी पाठ करून गेलो होतो. चित्रात म्हातारी दिसली की नायक तिला दवाखान्यात नेतो, नदी दिसली की पूल बांधतो. कागदावर सगळा धीरोदात्त नायक, आणि मैदानावर मी फळी हातात धरून दुसऱ्या कोणी काहीतरी सांगेल याची वाट बघत उभा. मानसशास्त्रज्ञ, मैदानावरचा अधिकारी आणि मुलाखत घेणारा असे तिघं तुम्हाला वेगवेगळे तपासतात. तिघांच्या टिपणांत तीन निरनिराळी माणसं दिसली की खेळ संपला. तेव्हा मला हे कळलं नव्हतं. क्लासची फी मात्र पूर्ण भरली होती.

मैदानावरचे दोन दिवस बहुतेकांना आवडतात. गटचर्चा, नकाशावरचं नियोजन, फळी-दोर-बल्ली घेऊन अडथळे ओलांडणं, सापासारखी गुंडाळी खांद्यावर घेऊन गटांची शर्यत, तीन मिनिटांचं भाषण, आणि एकट्याने तीन मिनिटांत दहा अडथळे. खेड्यातल्या मुलाला झाडावर चढणं, दोरावर लोंबकळणं शिकवावं लागत नाही. तिथे त्याचा जीव रमतो.

मुलाखत या दिवसांतच कधीतरी होते. दहावीपासूनचे टक्के, घरात कोण काय करतं, मित्र कोण, रविवार कसा जातो. प्रश्न साधे असतात, पण एकामागून एक पंधरावीस येतात आणि सगळ्यांची उत्तरं एकदम द्यायची असतात. शेतात राबणाऱ्या वडिलांबद्दल बोलताना मुलं ओशाळतात, हे मला आजवर समजलेलं नाही. उसाला पाणी कधी, किती आणि कसं देतात हे नीट सांगता येणारा मुलगा त्या खोलीत उजळ दिसतो.

पाचव्या दिवशी कॉन्फरन्स: अर्धगोलात बसलेलं सगळं मंडळ, एकदोन प्रश्न, आणि तासादोन तासांनी नंबर पुकारतात. ज्यांचे पुकारले ते वैद्यकीय तपासणीला थांबतात, बाकीचे स्टेशनला.

मी मराठी माध्यमातला. इंग्रजीमुळे उडेन का?

व्याकरणामुळे कोणी उडत नाही. बोलायला तोंडच उघडलं नाही तर उडाल. हेल मराठी असला तरी चालतो. माझ्याकडची मुलं रोज दहा मिनिटं इंग्रजी बातमी मोठ्याने वाचतात, मग पुस्तक मिटून तीच आपल्या शब्दांत सांगतात. सुरुवातीला बाकीचे हसतात. दिवाळीपर्यंत हसणारे शिकायला येतात.

क्लास लावावा का? पुण्यात फार पैसे मागतात.

त्याआधी नाशिक रोडला फोन करा. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र तिथे आहे. सीडीएससाठी आणि एसएसबीसाठी वेगवेगळे वर्ग चालतात आणि राहणं, जेवण, शिकवणं सगळं मोफत. एसएसबीच्या वर्गाला लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेली किंवा एनसीसी ‘सी’ प्रमाणपत्र ए अथवा बी श्रेणीत लागतं. निवड जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या मार्फत मुलाखतीने होते. जाहिरात वर्तमानपत्रात एका कोपऱ्यात येते आणि नेमकी तीच कोणी वाचत नाही.

धाकटा भाऊ किंवा बहीण दहावीत असेल तर त्यांच्यासाठी छत्रपती संभाजीनगरची एसपीआय, म्हणजे सैनिकी सेवा पूर्वतयारी संस्था, आहे. राज्य सरकारने १९७७ मध्ये ती एनडीएच्या तयारीसाठीच काढली. मुलींची एसपीआय आता नाशिकला आहे.

कुणाची ओळख लागते का? पैसे?

नाही. ‘साहेब ओळखीचे आहेत’ म्हणत जो कोणी भेटेल त्याला चहासुद्धा पाजू नका. इथे जातीचं आरक्षणही नाही आणि खेळाडूंचे जादा गुणही नाहीत.

मेडिकलमध्ये कशावर बाद करतात?

कानातला मळ, वाढलेलं वजन, नाकाचा वाकडा पडदा, व्हेरिकोसील (अंडकोषाच्या फुगलेल्या शिरा), गुडघे एकमेकांना लागणं, सपाट तळवे, रंगांधळेपण. यातली निम्मी कारणं आधी डॉक्टरला दाखवलं तर दुरुस्त होतात. चष्मा असला म्हणून सगळी दारं बंद होत नाहीत, शाखेनुसार मर्यादा वेगळ्या असतात. लॅसिक करायची तर विसाव्या वर्षानंतर, आणि तपासणीच्या आधी बारा महिने गेलेले हवेत. हातावर मोठं नाव गोंदवून घेतलं असेल तर जाहिरातीतला टॅटूचा नियम वाचा. पहिल्या तपासणीत अपात्र ठरलात तरी अपील करता येतं. लष्करात त्याला ४२ दिवसांची मुदत असते.

(वडिलांचा प्रश्न) शिकायला खर्च किती? बाँड? पगार?

खर्च सरकारचा. आयएमए-ओटीएसारख्या अकादमीत असतानाच मुलाला महिना ५६,१०० रुपये स्टायपेंड मिळतो. लेफ्टनंट झाल्यावर मूळ वेतन तेवढंच, वर १५,५०० रुपये मिलिटरी सर्व्हिस पे, महागाई भत्ता आणि जिथे नेमणूक तिथले भत्ते. मधेच मनाने सोडून आला तर प्रशिक्षणाचा खर्च वसूल होतो. आणि प्रशिक्षण संपेपर्यंत लग्न नाही. स्थळं बघून ठेवलेल्या आईबापांनी हे आत्ताच ऐकून घ्यावं.

शॉर्ट सर्व्हिस करून दहा वर्षांनी बाहेर पडलो तर?

वय तेव्हा चौतीस-पस्तीस असतं. पेन्शन नसते, ग्रॅच्युइटी मिळते. आयआयएमसारख्या संस्थांत फौजेतून बाहेर पडणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी व्यवस्थापनाचे खास कोर्स चालतात. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला वयात पाच वर्षांची सूट आहे. तरीही घरचं कर्ज आणि मुलीची शाळा एकदम डोक्यावर असताना नवी सुरुवात करणं सोपं नसतं. कायम कमिशन हवंच असेल तर आधी आयएमएसाठी झटा.

आत्या अमेरिकेत असते. ती म्हणते तिकडे कॉलेजच फी भरतं. आपल्याकडे तसं का नाही?

ती आरओटीसीबद्दल बोलत असणार. तिकडे विद्यापीठातच सैनिकी शिक्षण चालतं, शिष्यवृत्ती मिळते आणि बदल्यात पदवीनंतर नोकरी करावी लागते. आपली एनसीसी १९४८ च्या कायद्याने सुरू झाली. तिच्यात फी मिळत नाही आणि नोकरीचं बंधनही नाही. तीन वर्षं परेड करून शेवटी बँकेत लागलात तरी कोणी जाब विचारणार नाही.

किती वेळा प्रयत्न करता येतो?

वय आहे तोवर. सीडीएसला संधींची मोजदाद नाही, एसएसबीलाही नाही. सहाव्या, सातव्या खेपेला निवडली गेलेली मुलं असतात. पण त्याच तयारीने पुन्हा जाऊ नका.

एसएसबीला जाताना बरोबर काय न्यायचं?

मूळ प्रमाणपत्रं आणि त्यांच्या प्रती, पासपोर्ट फोटो भरपूर, पांढरे पीटीचे बूट, पांढरा टीशर्ट आणि हाफ पँट, दोन चांगले शर्ट, काळे बूट. नवे बूट तिथे पहिल्यांदा घालू नका, फोड येऊन मैदानावर लंगडाल. रेल्वेचं तिकीट जपून ठेवा, त्या एन्ट्रीला पहिल्यांदाच जात असाल तर भाडं परत मिळतं. आणि आईने दिलेले लाडू मनमाडच्या आत संपवू नका. पहिल्या दिवशी चाळणीचा निकाल लागेपर्यंत शेजारच्या नंबराशी बोलायला निमित्त लागतं.